कामाचा प्रवास आणि फोनमधली अ‍ॅप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त फिरणाऱ्यांना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना कसोटी एकच धरली आहे: नेटवर्क गेलेलं आहे, बॅटरी संपत आली आहे, रांगेत मागे माणसं खोळंबली आहेत, अशा वेळी ते अ‍ॅप उपयोगी पडतं का? घरच्या वाय-फायवर सगळीच अ‍ॅप्स छान चालतात.

फोनमध्ये नेमकी कोणती अ‍ॅप्स हवीत?

कामं मोजा, अ‍ॅप्स आपोआप ठरतात. तिकीट ज्या विमान कंपनीचं आहे तिचं स्वतःचं अ‍ॅप, सगळी आरक्षणं एकत्र ठेवणारं एक, नकाशा, टॅक्सी, भाषांतर, खर्चाच्या पावत्या, पासवर्ड सांभाळणारं एक आणि लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर. बहुतेकांचं एवढ्यात भागतं.

तिकीट कुठल्याही संकेतस्थळावरून काढलेलं असो, विमान कंपनीचं अ‍ॅप टाकाच. फ्लाइट रद्द झाली की पुढच्या फ्लाइटचा पर्याय बहुधा तिथेच आधी दिसतो आणि दोन-तीन वेळा बोट लावून जागा पक्की करता येते. मध्यस्थाच्या अ‍ॅपवर तीच बातमी उशिरा येते, शिवाय बदल करायला त्यांनाच फोन लावावा लागतो.

अ‍ॅप टाकण्याचं काम विमानतळासाठी ठेवू नका. नवीन अ‍ॅप लॉगिन मागतं, लॉगिन ओटीपी मागतं आणि ओटीपी ज्या सिमवर यायचा ते सिम नेमकं तेव्हा बंद असतं. काही अ‍ॅप्स तर आपलं अ‍ॅप स्टोअरचं खातं ज्या देशातलं आहे त्या देशात मिळतच नाहीत. हे घरी कळलं तर उपाय करता येतो.

निघण्याआधी सगळं नीट चालतं आहे हे कसं तपासायचं?

आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं काढा. आधी उघडी असलेली सगळी अ‍ॅप्स पूर्ण बंद करा. ही पायरी गाळू नका, कारण नुकतंच उघडलेलं अ‍ॅप स्मृतीत साठलेलं जुनं पान दाखवतं आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि एकेक गोष्ट उघडून बघा: बोर्डिंग पास, हॉटेलचा पत्ता, उद्याच्या भेटीचं ठिकाण, नकाशा, पासपोर्टची प्रत, विम्याचा कागद, ऑथेंटिकेटरचा कोड.

बहुतेकांच्या तीन-चार गोष्टी इथे अडकतात. मेलच्या यादीत तिकीट दिसतं, पण जोडलेली पीडीएफ उघडत नाही, कारण ती फोनवर उतरलेलीच नसते. ड्राइव्हमध्ये फाइलचं नाव दिसतं, फाइल नाही. विमान कंपनीचं अ‍ॅप पुन्हा लॉगिन करा म्हणतं. पीडीएफ फोनच्या फाइल्समध्ये जतन करा. ड्राइव्हच्या फाइलवर ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ हा पर्याय निवडा आणि ती पूर्ण उतरल्याची खूण दिसेपर्यंत थांबा. बोर्डिंग पास वॉलेटमध्ये, म्हणजे पास आणि कार्डं ठेवणाऱ्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये, घाला. मग हीच तपासणी पुन्हा एकदा करा.

तिकिटं, हॉटेल, भेटीगाठी हे सगळं एका जागी कसं आणायचं?

ट्रिपइटसारखी अ‍ॅप्स यासाठीच आहेत. आरक्षणाचा मेल त्यांनी दिलेल्या पत्त्यावर पुढे पाठवला की अ‍ॅप त्यातली तारीख, वेळ, पीएनआर, पत्ता वाचून तारीखवार आखणी करून देतं. थेट विमान कंपनी किंवा हॉटेलकडून आलेला मेल सहसा बरोबर वाचला जातो. ट्रॅव्हल एजंटने पीडीएफ जोडून पाठवलेला मेल मात्र बरेचदा अर्धवट वाचला जातो. त्यामुळे प्रत्येक नोंद मूळ तिकिटाशी एकदा ताडून बघा. मध्यरात्रीनंतरच्या फ्लाइटमध्ये तर हमखास. १४ तारखेच्या रात्री १२.४० म्हणजे १३ तारखेला रात्री घरून निघायचं असतं, आणि हॉटेलची खोली कुठल्या रात्रीची घेतली आहे हेही तिथेच चुकतं.

मेलपेटी पूर्ण वाचायची परवानगी अशी अ‍ॅप्स मागतात. कंपनीच्या मेलला ती देऊ नका. लागेल तो मेल स्वतः पुढे पाठवणं पुरेसं आहे. कंपनी तेही चालवून घेत नसेल तर साधं कॅलेंडरही हे काम करतं. प्रत्येक फ्लाइटची एक नोंद, टिपणात पीएनआर आणि टर्मिनल, हॉटेलच्या नोंदीत स्थानिक लिपीतला पत्ता आणि फोन नंबर. स्थानिक लिपीतला पत्ता विसरू नका, टॅक्सीवाल्याला दाखवायला तोच लागतो.

बोर्डिंग पास फोनवर आहे. कागदी प्रत लागेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. पण फोनवरचा पासही दोन जागी ठेवा: एक वॉलेटमध्ये, एक स्क्रीनशॉट म्हणून. दोन्हींत फरक आहे. गेट किंवा वेळ बदलली तर वॉलेटमधला पास नेट असताना स्वतःहून सुधारतो, स्क्रीनशॉट मात्र काढला तेव्हाचाच राहतो. म्हणून गेट नंबर स्क्रीनशॉटवरून वाचू नका, तो फक्त कोड स्कॅन करायला ठेवा.

कोड वाचला जात नसेल तर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. त्यानेही होत नसेल तर स्क्रीनवरची काच तडकली आहे का आणि तडा नेमका कोडावरूनच गेला आहे का, ते बघा. स्क्रीनशॉट थोडा लहान करून बाजूला सरकवला की वाचला जातो.

ऑनलाइन चेक-इन करताना ‘काउंटरवर या’ असा निरोप आला तर गोंधळू नका. व्हिसा किंवा पासपोर्ट प्रत्यक्ष बघायचा असेल तर कंपन्या मुद्दाम तसं करतात. तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा. आणि तिकीट एका कंपनीचं पण विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर दोन्हींचे पीएनआर वेगळे असू शकतात. एकाच्या अ‍ॅपमध्ये आरक्षण सापडत नसेल तर बहुधा हेच कारण असतं. तिकीट देणाऱ्या कंपनीकडून दुसरा पीएनआर मागून घ्या.

बोर्डिंग पासचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्या कोडात नाव आणि पीएनआर असतो, आणि आडनाव व पीएनआर एवढ्यावर अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर कोणीही तुमचं आरक्षण उघडू शकतं.

फ्लाइटला उशीर होणार आहे हे आधी कळू शकतं का?

बऱ्याचदा कळतं. तुमचं विमान आत्ता कुठे आहे ते बघायचं. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर उघडा, तुमचा फ्लाइट नंबर टाका, तुम्हाला नेणारं विमान त्याआधी कुठून येत आहे ते शोधा. ते अजून दुसऱ्याच शहरात जमिनीवर असेल आणि तुमच्या सुटण्याला तास उरला असेल, तर फलकावर ‘वेळेवर’ लिहिलेलं असलं तरी ते खरं ठरायची शक्यता कमी. छोट्या पल्ल्याच्या विमानालाही उतरल्यावर प्रवासी उतरवून, साफसफाई करून, नवे प्रवासी घेऊन निघायला साधारण पाऊण तास लागतो.

याचा उपयोग पुढची फ्लाइट चुकणार का, पलीकडच्या माणसाला आधीच कळवायचं का, हे ठरवायला करा. घरून उशिरा निघायला करू नका. कंपनी ऐनवेळी दुसरं विमान आणते आणि जाहीर झालेला उशीर मागे घेते, असं होतं.

फ्लाइट रद्दच झाली तर काउंटरच्या रांगेत उभं राहा, आणि रांगेत उभ्या उभ्याच अ‍ॅपवर पर्याय शोधा व कंपनीचा नंबर लावा. तिन्हींपैकी जे आधी लागेल ते घ्या.

परदेशात इंटरनेटसाठी ई-सिम घ्यावं की रोमिंग?

ई-सिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवता येणारं सिम. एक-दोन दिवसांचा दौरा आणि खर्च कंपनीचा असेल तर रोमिंग पॅक सुटसुटीत. त्याहून जास्त दिवस असतील, किंवा दोन-तीन देश असतील, तर प्रवासी ई-सिम सहसा स्वस्त पडतं.

आधी दोन गोष्टी बघा. फोन ई-सिम घेतो का, आणि तो कुठल्या मोबाइल कंपनीला बांधलेला तर नाही ना. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर मॉडेलांपासून ई-सिमची सोय आहे; अँड्रॉइडमध्ये मॉडेलगणिक आणि काही वेळा देशागणिक फरक पडतो, त्यामुळे सेटिंग्जमध्ये ‘ई-सिम जोडा’ असं दिसतं का ते बघणं उत्तम. हप्त्यावर घेतलेला फोन बरेचदा बांधलेला असतो. त्यात ई-सिम बसल्यासारखं दिसतं, पण नेटवर्क पकडत नाही.

ई-सिम घरीच, वाय-फायवर बसवा. क्यूआर कोड स्कॅन करायलाही इंटरनेट लागतं, आणि तो कोड त्याच फोनच्या स्क्रीनवर असेल तर कॅमेऱ्याने कसा टिपणार? दुसऱ्या स्क्रीनवर उघडा किंवा सेटिंग्जमध्ये तपशील हाताने भरा. बसवण्याआधी योजनेची मुदत कधी सुरू होते ते वाचा. काही योजना बसवल्याक्षणी सुरू होतात, काही तिकडच्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर.

उतरल्यावर नेट चालत नसेल तर क्रमाने हे तपासा:

१. मोबाइल डेटासाठी ई-सिमचीच लाइन निवडली आहे का.
२. त्या लाइनवर डेटा रोमिंग सुरू आहे का. इथेच बहुतेक जण अडतात. खर्च वाचवायला रोमिंग बंद ठेवलेलं असतं, पण प्रवासी ई-सिम स्वतःच रोमिंगवर चालतं. रोमिंग बंद ठेवायचं ते घरच्या सिमवर.
३. एपीएन, म्हणजे नेट जोडण्यासाठी सेटिंग्जमध्ये भरायचं नाव, योजनेच्या सूचनेप्रमाणे आहे का.
४. नेटवर्क आपोआप न निवडता यादीतून हाताने निवडून बघा, मग फोन बंद करून सुरू करा.

आयफोनमध्ये डेटाची लाइन आपोआप बदलू देणारा पर्याय असतो, तो बंद करा. नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप घरच्या सिमचा डेटा वापरायला लागतो आणि बिल चढतं. आणि काहीही झालं तरी वैतागून ई-सिम काढून टाकू नका. अनेक क्यूआर कोड एकदाच वापरता येतात.

व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं. ‘नंबर बदलायचा का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

बाहेर असताना ओटीपी येत नाही. काय करायचं?

प्रवासात सगळ्यात जास्त कामं याच कारणाने खोळंबतात, म्हणून जरा सविस्तर.

एसएमएसने येणाऱ्या ओटीपीला घरचं सिम जिवंत असावं लागतं. ते काढून डबीत ठेवलं की ओटीपी संपला. सिम फोनमध्येच ठेवा, लाइन सुरू ठेवा, फक्त तिचा डेटा बंद करा. एसएमएससाठी डेटा लागत नाही, पण मोबाइल कंपनीकडे त्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असावं लागतं. ते निघण्याआधी एक दिवस करून घ्या. काही बँकांची अ‍ॅप्स तर ठरावीक सिम त्याच फोनमध्ये आहे का हे तपासतात आणि सिम काढलं की नोंदणीच रद्द करतात. अशी नोंदणी परदेशातून पुन्हा करणं फार त्रासाचं असतं.

जिथे जमेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर वापरा. गूगल ऑथेंटिकेटर किंवा मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर दर ३० सेकंदांनी नवा कोड देतं, तोही नेटवर्कशिवाय. हा कोड एका गुप्त किल्लीवरून आणि फोनच्या घड्याळावरून तयार होतो. त्यामुळे घड्याळ चुकलं की कोड चुकतो. नव्या देशात पोचल्यावर काही जण टाइम झोन न बदलता हाताने घड्याळाचे काटे पुढे-मागे करतात. दिसायला वेळ बरोबर, पण आतला हिशोब काही तासांनी चुकलेला. मग कोड नाकारले जातात आणि सुरक्षित संकेतस्थळंही उघडत नाहीत. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा.

यापलीकडे एक कागद लागतो. गूगल खातं प्रत्येकी एकदाच चालणारे १० बॅकअप कोड देतं. इतर सेवांमध्येही अशीच सोय असते. ते कागदावर उतरवून फोनपासून वेगळे, पाकिटात किंवा बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा. त्यावर खात्याचं नाव लिहू नका. फोनच हरवला तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून आपल्या मेलपर्यंत पोचायचा तोच रस्ता उरतो.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. चोरीपासून संरक्षणाची सोय, जी आयओएस १७.३ पासून आली, ती सुरू असेल तर नेहमीच्या जागेपासून दूर असताना अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड किंवा फोनचा पासकोड बदलायला तासभर थांबावं लागतं. ही सोय सुरूच ठेवा, पण असे बदल घरी उरकून घ्या.

नकाशा ऑफलाइन उतरवला, तरी रस्ता दाखवत नाही. का?

गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन फक्त गाडीचा रस्ता मिळतो. चालण्याचा, सायकलचा, बस-मेट्रोचा मिळत नाही; वाहतुकीची स्थिती आणि पर्यायी रस्तेही नाहीत. म्हणजे कामाच्या प्रवासात जे जास्त लागतं, स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पायी, तेच नेमकं नाही. अ‍ॅपल मॅप्समध्ये आयओएस १७ पासून ऑफलाइन नकाशे आहेत आणि त्यांत चालण्याचे रस्तेही मिळतात. अँड्रॉइडवर ऑर्गॅनिक मॅप्स हे मोफत अ‍ॅप पूर्ण ऑफलाइन चालतं, पायी रस्त्यांसकट. मेट्रोचा नकाशा चित्र म्हणून जतन करून ठेवा.

उतरवायचं कसं: गूगल मॅप्समध्ये प्रोफाइल चित्र, मग ऑफलाइन नकाशे, मग स्वतःचा नकाशा निवडा. चौकट ओढताना विमानतळ तिच्यात आला आहे का ते बघा. शहर येतं आणि विमानतळ बाहेर राहतो, असं फार होतं. या नकाशांना मुदत असते, त्यामुळे जुन्या दौऱ्यातला नकाशा चालेल असं धरून चालू नका.

नेटशिवाय जीपीएस चालतं, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रहांची माहिती एरवी फोन नेटवरून पटकन घेतो. उघड्यावर, उंच इमारतींपासून थोडं दूर, एक-दोन मिनिटं थांबा.

देश बदलला की कुठली अ‍ॅप्स चालत नाहीत?

चीनमध्ये गूगलच्या सेवा आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद आहेत. तिथे पैसे द्यायला अलीपे आणि वीचॅट लागतात; दोन्हींत परदेशी कार्ड जोडता येतं, पण ओळख पडताळणीला वेळ जातो, म्हणून आधी करा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, कॉलवर निर्बंध आहेत. ग्राहकाशी बोलायचं असेल तर कोणतं अ‍ॅप चालतं ते त्यालाच विचारा. दक्षिण कोरियात गूगल मॅप्सची मार्गदर्शनाची सोय बरीच वर्षं अपुरी राहिली, तिथली माणसं नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप वापरतात. टॅक्सीचंही तसंच. उबरने चीनमधला धंदा २०१६ मध्ये दीदीला आणि आग्नेय आशियातला २०१८ मध्ये ग्रॅबला दिला, त्यामुळे तिथे ती अ‍ॅप्स लागतात.

व्हीपीएनने, म्हणजे आपलं इंटरनेट दुसरीकडच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सोयीने, सगळं सुटेल असं समजू नका. काही देशांत त्याच्या वापरावर कायद्याने बंधनं आहेत. कंपनीचा व्हीपीएन तिथे चालवायची मुभा आहे का, हे आयटी विभागाकडून लेखी घ्या.

हॉटेलचं वाय-फाय जोडलं जातं, पण लॉगिनचं पान येत नाही.

व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधण्याची खासगी सोय) लावलं असेल तर ते ‘आपोआप’वर आणा. दोन्ही गोष्टी लॉगिनच्या पानाकडे होणारी वळवणूक अडवतात. मग वाय-फाय विसरून पुन्हा जोडा, आणि तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये एखादं साधं, सुरक्षित नसलेलं पान उघडा. यासाठीच बनवलेलं नेव्हरएसएसएल नावाचं संकेतस्थळ आहे. खोली क्रमांक, नाव भरून जोडणी झाली की लगेच व्हीपीएन पुन्हा सुरू करा.

एकाच उपकरणाची परवानगी असलेलं वाय-फाय रोज नव्याने पैसे मागत असेल, तर फोन आपला वाय-फाय पत्ता (नेटवर्क ज्यावरून फोन ओळखतं तो क्रमांक) बदलत असण्याची शक्यता आहे. त्या एका नेटवर्कपुरता पत्ता स्थिर ठेवा.

बँकेचं काम, पगारपत्रकं, करार, हे शक्यतो स्वतःच्या मोबाइल डेटावर करा.

कॅलेंडरमध्ये मीटिंगची वेळ चुकते. नेमकं काय बिघडतं?

मीटिंगची नोंद करताना ती कुठल्या टाइम झोनची आहे हे सांगितलं जात नाही. घरी बसून पुढच्या आठवड्यातली तिकडची सकाळी १० ची भेट तुम्ही ‘१०’ म्हणून टाकता, कॅलेंडर ते घरचे १० समजतं आणि तिकडे उतरल्यावर वेळ सरकवून दाखवतं. नोंद करतानाच टाइम झोनच्या रकान्यात त्या शहराचं नाव घाला. विमानाच्या नोंदीत सुटण्याचा आणि पोचण्याचा झोन वेगवेगळा द्यावा लागतो. गूगल कॅलेंडरमध्ये तशी सोय आहे.

मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने खास सांभाळा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परततात युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. या मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्कमधलं नेहमीचं ५ तासांचं अंतर ४ तासांचं होतं. दर आठवड्याचा ठरलेला कॉल याच काळात चुकतो. निमंत्रणात वेळेबरोबर शहराचं नाव लिहायची सवय लावून घ्या.

खर्चाच्या पावत्या कशा सांभाळायच्या, म्हणजे अकाउंट्सकडून परत येणार नाहीत?

पावती हातात पडली की टेबलावरून उठायच्या आत फोटो. झोहो एक्स्पेन्स, एक्स्पेन्सिफाय, एसएपी कॉन्कर ही अ‍ॅप्स फोटोवरून रक्कम, तारीख आणि दुकानाचं नाव वाचतात. थर्मल कागदावरची शाई उष्णतेने आणि उजेडाने उडते. पाकिटात, गाडीत राहिलेली पावती आठवड्या-दोन आठवड्यांत फिकी पडू शकते.

फोटो काढताना पावती गडद पृष्ठभागावर सपाट ठेवा, चारही कोपरे चौकटीत घ्या, फोनची सावली पडू देऊ नका. लांब पावती असेल तर दोन फोटो, थोडा भाग दोन्हींत येईल असे. मग अ‍ॅपने वाचलेली रक्कम स्वतः वाचा. चुका ठरलेल्या जागी होतात: टिप धरण्याआधीची बेरीज उचलली जाते, दिवस आणि महिन्याची अदलाबदल होते (०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल?), स्वल्पविराम आणि दशांश चिन्हाची गल्लत होते, चलन चुकीचं धरलं जातं.

बिल परत येण्याची दोन कारणं वारंवार दिसतात. एक, कार्डाच्या मशीनची चिठ्ठी जोडलेली असते, काय घेतलं त्याचं तपशीलवार बिल नसतं. दोन, हॉटेलने चेक-इनला अडवून ठेवलेली रक्कम आणि शेवटचं बिल अशा दोन नोंदी खर्चात येतात. अडवलेली रक्कम खर्च नसतो, ती नंतर सुटते. शेवटचं बिलच जोडा.

टॅक्सीसाठी उबरमध्ये व्यवसायाचं वेगळं प्रोफाइल करता येतं. त्यावरच्या फेऱ्यांच्या पावत्या थेट ऑफिसच्या मेलवर जातात. गाडी मागवताना कुठलं प्रोफाइल निवडलं आहे तेवढं बघा.

कार्ड मशीन विचारतं, ‘तुमच्या चलनात पैसे द्यायचे का?’

नको म्हणा, स्थानिक चलन निवडा. घरचं चलन निवडलं की दर तिथला मशीनवाला ठरवतो आणि तो सहसा महाग पडतो. एक्सईसारखं चलनाचं अ‍ॅप जो दर दाखवतं तो बाजारातला मधला दर असतो. कार्डावर त्याहून थोडे जास्त लागतील, हे धरूनच हिशोब करा.

पॉवर बँक किती मोठी नेता येते?

विमानाचे नियम वॅट-अवरमध्ये मोजतात आणि पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत एमएएच लिहिलेलं असतं, म्हणून गोंधळ होतो. एमएएचला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते, त्यापुढे नाही. पॉवर बँक नेहमी केबिनच्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडून ती काढली जाते. छापील क्षमता पुसली गेली असेल तर सुरक्षा तपासणीत ती ठेवून घेतात. काही कंपन्यांनी २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने चार्ज करायलाही मनाई केली आहे, तेव्हा विमानात चढण्याआधीच फोन भरून घ्या.

छापलेल्या क्षमतेतली सगळी वीज फोनमध्ये जात नाही. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बरीच जाते. १०,००० एमएएचच्या बँकेतून फोनला साधारण ६,००० ते ६,५०० मिळतात.

बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो कमकुवत सिग्नल. तळघरातल्या सभागृहात किंवा रेल्वेत फोन सतत टॉवर शोधत राहतो. अशा ठिकाणी एअरप्लेन मोड लावून फक्त वाय-फाय सुरू ठेवा.

भाषांतराच्या अ‍ॅपवर मीटिंग निभावेल का?

पाट्या, फॉर्म, टॅक्सीवाल्याशी दोन वाक्यं, यासाठी उत्तम. भाषा आधी उतरवून ठेवा. किंमत, मुदत आणि अटी यांच्या बोलण्यात त्यावर विसंबू नका, तिथे दुभाषी घ्या. आकडे लिहून दाखवा. आणि कराराचा मजकूर मोफत भाषांतर सेवेत चिकटवू नका, तो कंपनीबाहेर गेला असंच धरावं लागतं.

बॅगेत ट्रॅकर टाकून उपयोग होतो का?

होतो. एअरटॅगसारख्या ट्रॅकरमधली नाण्याएवढी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालते. आयओएस १८.२ पासून हरवलेल्या वस्तूच्या ठिकाणाची लिंक विमान कंपनीला देता येते. ती ७ दिवसांनी आपोआप बंद होते. लिंक दिली तरी विमानतळावर रीतसर तक्रार नोंदवून क्रमांक घ्याच, त्याशिवाय भरपाई मागता येत नाही.

फोनच हरवला तर आधी काय?

क्रम महत्त्वाचा आहे. सोबत्याच्या फोनवरून किंवा हॉटेलच्या संगणकावरून ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत लॉगिन करा. आयफोन असेल तर फाइंड माय, अँड्रॉइड असेल तर फाइंड हब, ज्याचं आधीचं नाव फाइंड माय डिव्हाइस होतं. फोन ‘हरवला’ म्हणून लॉक करा आणि स्क्रीनवर संपर्काचा नंबर ठेवा. सगळं पुसायची घाई करू नका. आधी कंपनीच्या आयटी विभागाला कळवा, मग बँकेला, मग मोबाइल कंपनीला सिम बंद करायला सांगा. सिम शेवटी, कारण आधीच्या पायऱ्यांत त्याच नंबरवर येणारा ओटीपी दुसऱ्या उपकरणावर दिसत असेल तर उपयोगी पडतो. पण फोन उघडा असताना हातातून हिसकावला गेला असेल तर क्रम उलटा: सिम आणि बँक आधी. विम्यासाठी पोलिसांकडची नोंद लागते, आणि त्यात फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक. तो आजच *#०६# दाबून बघा आणि बॅकअप कोडांच्या कागदावर लिहून ठेवा.

कंपनीने माझ्या स्वतःच्या फोनवर त्यांचं अ‍ॅप टाकायला सांगितलं आहे. त्यांना माझे फोटो, चॅट दिसतील का?

अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ असेल तर कंपनीचा ताबा त्या भागापुरता असतो. ऑफिसच्या अ‍ॅप्सवर ब्रीफकेसची छोटी खूण दिसते, आणि सुट्टीत तो भाग थांबवूनही ठेवता येतो. कंपनीला तो भाग दुरून पुसता येतो. तुमचे फोटो, चॅट त्यात नसतात. संपूर्ण फोन कंपनीच्या नोंदणीखाली घेतला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सगळा फोन पुसला जाऊ शकतो. मान्यतेची बटणं दाबण्याआधी या दोन्हींपैकी काय आहे ते आयटी विभागाला विचारा, आणि दुसरा प्रकार असेल तर कामासाठी वेगळा फोन मागा.